ओळंबा आणि बटवडा

२०१७ च्या उन्हाळ्यात बेळगावात, टिळकवाडीत एका डॉक्टरांच्या घरावर दुसरा मजला चढवत होतो. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर सळ्या ओलांडत वर आले. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि त्यात पितळेची एक चकती. चकतीवर गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, आणि कंपास एकमेकांत अडकवलेले. आमच्या धंद्याचं चिन्ह हाडांच्या डॉक्टरकडं कसं?

"डॉक्टर, हाडं सोडून सिव्हिलला कधी आलात?"

ते हसले. "विचारलंत म्हणून सांगतो. आपणहून कुणाला 'या' म्हणायची आमच्यात पद्धत नाही."

ती फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाची खूण होती. हा शब्द मी आधी ऐकलेला होता. कॅम्पात झाडीत त्यांची एक जुनी इमारत होती. शाळेत असताना आम्ही सायकलवरून तिच्यासमोरून जोरात जायचो, कारण तिथं रात्री कवटीपुढं काहीतरी चालतं असं एका मित्राच्या मामानं सांगितलेलं. त्या मामाला कुणी सांगितलं देव जाणे. आम्हा पोरांसाठी तो भूतबंगलाच.

डॉक्टरांनी स्लॅबवर उभं राहूनच सगळी कुळकथा सांगितली. युरोपात चर्चं, किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या आणि गवंड्यांच्या जुन्या संघांकडून ही परंपरा उतरली असं हे लोक मानतात. २४ जून १७१७ ला लंडनमधल्या चार लॉजनी, म्हणजे यांच्या स्थानिक शाखांनी, मिळून पहिलं ग्रँड लॉज ही शिखर संस्था काढली. तोवर प्रत्यक्ष दगड फोडणारे मागं पडले होते आणि त्यांची हत्यारं उपमा म्हणून वापरणारे सभ्य गृहस्थ पुढं आले होते. पुढच्या दीडेक दशकात हे लॉजचं लोण कलकत्त्यात आलं आणि मग जिथं इंग्रजांची छावणी, तिथं लॉज असं होत गेलं. सुरुवातीला गोऱ्यांचाच कारभार. मुंबईत माणेकजी कर्सेटजी नावाच्या पारशी गृहस्थांना लॉजनं दारातूनच परत पाठवलं. ते पॅरिसला जाऊन मेसन होऊन आले. मग १८४३ मध्ये मुंबईत इथल्या लोकांना घेणारं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं. १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण दाखल झाला. ते पुढचे स्वामी विवेकानंद, जे १८९२ मध्ये आमच्या बेळगावातही मुक्कामाला होते. स्वतंत्र ग्रँड लॉज ऑफ इंडिया मात्र थेट २४ नोव्हेंबर १९६१ ला झालं.

मला यातलं अर्धं त्या दिवशी कळलं. कळलं ते एवढंच की शहरातले डॉक्टर, वकील, निवृत्त कर्नल, उद्यमबागेतले फाउंड्रीवाले एका खोलीत महिन्यातून एकदा भेटतात. मी कॉन्ट्रॅक्टर माणूस. अशा खोलीत मला पाऊल टाकायचं होतं, आणि त्यामागं आत्मोन्नती वगैरे काही नव्हतं. उगाच सोवळेपणा कशाला दाखवू.

अर्ज भरला. दोन जुन्या सभासदांनी सूचक आणि अनुमोदक म्हणून सह्या केल्या. एक प्रश्न अगदी सरळ होता : परमेश्वरावर, कोणत्या का नावानं होईना, विश्वास आहे का? नास्तिकाला इथं प्रवेश नाही, पण देव कोणता हे कुणी विचारत नाही. ते त्याला विश्वाचा महान शिल्पकार म्हणतात. एका रविवारी तिघंजण घरी आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि माझ्यापेक्षा जास्त प्रश्न बायकोला विचारले. तुमची हरकत नाही ना? महिन्यातली एक संध्याकाळ आणि वर्गणी, दोन्हीनं घराची ओढाताण होणार नाही ना?

बायको म्हणाली, "हरकत काय असायची. पण बायकांना का घेत नाही तुम्ही?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं परंपरा सांगितली, दुसऱ्यानं सांगितलं की परदेशात बायकांची वेगळी लॉजं आहेत. तिला दोन्ही पटलं नाही. मलाही आजतागायत तिला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

मग मतदान. पेटीत पांढरे आणि काळे गोळे टाकतात, कुणी काय टाकलं ते कुणाला दिसत नाही. मला नंतर कळलं की सगळे पांढरे पडले. सात-आठ महिने यातच गेले. आमच्या धंद्यात एवढ्या वेळात तळमजला उभा राहतो.

माझे बाबा उचगावचे गवंडी. आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांची कॅनव्हासची पिशवी अजून माळ्यावर आहे. थापी, रंधा, गुण्या, लाइनदोरी, ओळंबा आणि पारदर्शक नळीचं एक भेंडोळं. मी डिप्लोमा करून कॉन्ट्रॅक्टर झालो तेव्हा ते म्हणाले होते, "आता तू भिंत बघणार, बांधणार न्हाईस." लॉजबद्दल सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तिथं गवंडी किती हाईत?"

"एकही नाही."

"मग गवंड्यांचं मंडळ कसं?"

२०१८ च्या पावसाळ्यात माझी पहिली डिग्री, म्हणजे दीक्षेची पहिली पायरी, झाली. ओळखीच्या खुणा आणि शब्द सांगणार नाही, तसं वचन दिलंय. बाकीचं फार काही गुपित नाही, जगभर छापून आलेलं आहे. दाराबाहेर तलवार घेऊन एकजण उभा असतो, त्याला टायलर म्हणतात. त्या दिवशीचा टायलर निवृत्त बँक मॅनेजर होता आणि तलवार सांभाळताना त्यांचा चष्मा घसरत होता. त्यांनी मला एका बारक्या खोलीत नेलं आणि अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावलं. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल, पाकीट, मोबाइल, अगदी सुटी नाणीसुद्धा. डोळ्यांवर पट्टी बांधली. एका पायात सपाता, एका पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर, गळ्यात दोरी.

आत नेण्याआधी आणि नेल्यावर प्रश्न विचारतात. त्यातला एक असा की, इथं येण्यामागं काही पैशाचा, फायद्याचा हेतू तर नाही ना? उत्तर पढवून ठेवलेलं असतं. मी ते खणखणीत दिलं. डोळ्यांवर पट्टी होती म्हणून बरं. माझ्या डोक्यात त्याच क्षणी फाउंड्रीवाल्या एका सभासदाची नवी शेड होती, बारा हजार चौरस फूट.

शपथ गीतेवर घेतली. समोरच्या पीठावर गीता, बायबल, कुराण, अवेस्ता असे ग्रंथ मांडलेले असतात, ज्यानं त्यानं आपल्या ग्रंथावर हात ठेवायचा. पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा दिसली ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. माझ्या मनात आलं, सांधे छान भरलेत. धंद्याची सवय, दुसरं काय.

मग पांढऱ्या कोकराच्या कातड्याचा एप्रन बांधला आणि मला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं केलं. युरोपात इमारतीची कोनशिला ईशान्येला बसवायची चाल होती म्हणून. आपणही पायाभरणीला ईशान्य कोपराच धरतो, त्यामुळं मला ते घरचंच वाटलं. तिथं उभं असताना एकानं माझ्यापुढं हात केला आणि गरिबांसाठी काही देणार का, असं विचारलं.

माझा हात आपोआप खिशाकडं गेला. खिसा रिकामा. मी आयुष्यात साइटवर असा कधी उभा राहिलेलो नाही. वरच्या खिशात पाचशेच्या पाच-सहा नोटा कायम असतातच. मी म्हणालो, "देईन, पण आत्ता जवळ काही नाही." मास्तरांनी, म्हणजे लॉजच्या प्रमुखांनी, शांतपणे सांगितलं की हे चेष्टेसाठी नव्हतं. उद्या कुणी असाच रिकाम्या हातानं तुमच्यापुढं उभा राहिला, तर ही घटका आठवा.

मला दुसरंच आठवलं. 'देईन, पण आत्ता जवळ काही नाही' हे वाक्य मीच कुणाला तरी म्हटलं होतं, जसंच्या तसं. २०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आमच्या जुन्या मेस्त्रींना. त्यांच्या टोळीचा शेवटचा हिशेब बाकी होता. "मेस्त्री, बँकेतनं निघतच नाहीत हो, जरा थांबा." त्या आठवड्यात खरंच निघत नव्हते. पुढच्या महिन्यात निघत होते. मेस्त्रींनी दोनदा फोन केला, मग नंदगडला गावी गेले आणि मग फोन आला नाही. मी त्या कोपऱ्यात उभा राहून ठरवलं की उद्याच पैसे पाठवायचे. दुसऱ्या दिवशी काँक्रीट होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस.

पहिल्या डिग्रीत तीन हत्यारं हातात देतात : चोवीस इंची मोजपट्टी, हातोडा आणि छिन्नी. मोजपट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यातले काही प्रार्थनेला, काही कामाला, काही विश्रांतीला आणि काही अडलेल्याला मदत करायला. हातोडा म्हणजे विवेकाचा जोर, छिन्नी म्हणजे शिक्षण. खोलीत दोन दगड ठेवलेले असतात, एक अनघड आणि एक सहाही बाजूंनी घडवलेला. आपण पहिला, व्हायचंय दुसरा.

घरी आल्यावर बाबांना एवढं सांगितलं. ते म्हणाले, "छिन्नीला धार कोण लावतंय?"

"म्हणजे?"

"दगड घडवायला बसलं की दिवसातनं दोन-तीनदा छिन्नी बोथट होते. लोहाराकडं द्यावी लागते, नाहीतर भट्टी लावून आपणच पाजायची. तुमच्या मंडळात ते सांगिटलं न्हाई?"

सांगितलं नव्हतं. पुढच्या बैठकीनंतर जेवताना मी हे कर्नलसाहेबांना सांगितलं. त्यांनी ताटातला कुंदा बाजूला ठेवून दोनदा ऐकून घेतलं.

मोजपट्टीचा प्रयोग मी मात्र मनापासून केला. साइट डायरीच्या मागच्या पानांवर महिनाभर रोजचे तास लिहिले. झोप सहा, साइट दहा, जेवणखाण-आंघोळ-पूजा दोन, घरच्यांशी बोलणं अर्धा तास, अडलेल्याला मदत शून्य. मग राहिलेले पाच-साडेपाच तास गेले कुठं? फोनवर. आणि त्यातही बराचसा वेळ फोन वाजू देण्यात. सिमेंटवाला, सळीवाला, प्लंबर, ज्यांचं देणं आहे त्यांचे फोन बघायचे, उचलायचे नाहीत, मग दुसऱ्या कुणाला तरी लावून 'तो सारखा फोन करतोय' म्हणून सांगायचं. लिहून काढल्याशिवाय हे दिसलं नसतं. प्रवचनं मी लहानपणापासून ऐकलीत, बाबा वारकरी. पण कुणी असा कागद पुढं ठेवायला लावला नव्हता.

आता पाठांतराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण लॉजमध्ये खरी मेहनत तीच. विधीला तिथं 'वर्क' म्हणतात. सगळं इंग्रजीत, जुन्या वळणाचं, आणि पुस्तक हातात न घेता म्हणायचं. मी मराठी माध्यमाचा. इंग्रजी टेंडर वाचतो, भरतो, पण अर्ध्या पानाचं एक वाक्य तोंडपाठ करायचं म्हणजे तोंडाला फेस. मी शंभर पानी वही घेतली आणि ते इंग्रजी देवनागरीत उतरवलं. माझ्याबरोबरच दाखल झालेला बैलहोंगलकडचा एक इंजिनियर होता. त्यानं तेच इंग्रजी कन्नडात उतरवलं होतं. आठवड्यातनं एकदा आम्ही कॅम्पातल्या एका हॉटेलात बसायचो. तो त्याच्या वहीतनं म्हणायचा, मी माझ्या वहीत बोट फिरवायचो. मग उलट. एका वाक्यात दोघंही एकाच जागी अडकायचो. वेटरला वाटायचं आम्ही कसल्यातरी परीक्षेला बसलोय.

लॉजमध्ये राजकारण आणि धर्म या दोन विषयांवर वाद घालायला बंदी आहे. बेळगावात याचा अर्थ काय होतो ते बाहेरच्याला कळणार नाही. एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, त्या इंजिनियरच्या गाडीवर लाल-पिवळा कन्नड झेंडा असतो. माझ्या दंडावर सीमाभागातल्या मराठी माणसाच्या निषेधाची काळी फीत असते, आणि ती मी कुणाच्या भीतीनं काढणार नाही. त्याच महिन्याच्या बैठकीत आम्ही शेजारी बसतो. त्याचं मत बदललं नाही, माझंही नाही, आणि बदलावं अशी कुणाची अपेक्षाही नसते. पण ज्या माणसाचं चुकलेलं इंग्रजी आपण दोन वर्षं दुरुस्त केलंय, त्याच्याबद्दल चावडीवर बसून वाटेल ते बोलणं जरा जड जातं.

दुसऱ्या डिग्रीत गुण्या, लेव्हल आणि ओळंबा. इथं मला वाटलं होतं की आपण सगळ्यांच्या पुढं. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात ठेवणं, लेव्हल म्हणजे सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे सरळपणा. समजवायची गरज काय? बाबांना उत्साहानं सांगितलं तर ते पोट धरून हसले. "ओळंबा शिकायला पैसे भरलास?"

मग त्यांनी माळ्यावरची पिशवी खाली काढायला लावली. ओळंब्याची दोरी सोडवली, लाकडी गट्टू अंगठ्यानं बैठकीच्या भिंतीला धरला आणि गोळा खाली सोडला. ते घर मी बांधलेलं. गोळा हलत होता. मी वाकून बघायला लागलो.

"लगेच बघू नको. थांबू दे त्याला."

आम्ही दोघं उभे राहिलो. पंखा बंद करायला लावला त्यांनी, वाऱ्यानंसुद्धा गोळा फिरतो म्हणून. अर्धा मिनिट, मिनिट. लहानपणी सुट्टीत त्यांच्या हाताखाली असायचो तेव्हाही हेच व्हायचं. माझी घाई, त्यांचं 'थांबू दे'. गट्टू आणि गोळा एकाच जाडीचे असतात. गोळा भिंतीला टेकून बसला तर भिंत वर जाताना आत गेलीय. फट दिसली तर भिंत आपल्या अंगावर आलीय. नुसता चाटून गेला की बरोबर. थांबल्यावर फट दिसली. दोन सूत, म्हणजे पाव इंच असेल. बाबा काही बोलले नाहीत, दोरी गुंडाळायला लागले.

तसंच लेव्हलचं. लॉजमध्ये दाखवतात ते लाकडी त्रिकोणी लेव्हल आता साइटवर कुणी वापरत नाही. आमच्याकडं पाण्याची नळी. दोन टोकांना दोन माणसं, मध्ये कितीही भिंती असोत, पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला उभं राहतं. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा असला की पाणी बेधडक खोटं बोलतं आणि ते बघून कळत नाही. म्हणून आधी नळी उंच धरून, टिचक्या मारून बुडबुडे काढायचे. हे बाबांचं, लॉजचं नव्हे.

एक गोष्ट मात्र मी बाबांना सांगितली आणि ते गप्प झाले. लॉजचा मास्तर पदावरून उतरला की त्याला एक पदक मिळतं, त्यावर युक्लिडचं सत्तेचाळिसावं प्रमेय कोरलेलं असतं. म्हणजे पायथागोरस. पायाची आखणी करताना बाबा दोरीला तीन, चार आणि पाच फुटांच्या अंतरानं गाठी मारून काटकोन काढायचे, तेच. ते चौथीपर्यंत शिकलेले. मी वहीत आकृती काढून दाखवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली आणि विचारलं, "हे त्यांस्नी कुणी सांगिटलं?"

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकदम. लॉजनं वर्गणी काढली, आणि माझ्याकडं टेम्पो आणि माणसं असल्यामुळं काम माझ्यावर आलं. ब्लँकेटं, ताडपत्र्या, बिस्किटं, सॅनिटरी पॅडही (ही सूचना बायकोची, आमच्या बैठकीत कुणाच्या डोक्यात आली नव्हती). गोकाककडच्या एका शाळेत लोकांना ठेवलं होतं, तिथं तीन फेऱ्या केल्या. चिखलात माणसं उभी होती, आम्ही वाटत होतो. कुणीतरी फोटो काढले. मीही काढून घेतला, खोटं कशाला बोलू. त्या रात्री घरी येताना छाती जरा फुगलेली होती. आणि खानापूर रोडच्या चौकात सिग्नलला थांबलो असताना पुन्हा मेस्त्री आठवले.

चिखलातल्या अनोळखी माणसाला मी एका दिवसात बावीस हजारांचं सामान माझ्या पदरचं दिलं होतं. मेस्त्रींचे त्याहून कमी होते. दान करताना आपण मोठे होतो, देणं फेडताना लहान होतो. मला वाटतं म्हणूनच माझा हात एकीकडं सैल होता आणि दुसरीकडं आखडत होता. हे मी कुणाशी बोललो नाही.

तिसऱ्या डिग्रीबद्दल फार सांगत नाही. तिथं मरणाची आठवण करून देतात, आणि ज्याला ती घ्यायची आहे त्यानं आधी वाचून जाऊ नये. माझी झाली आणि काही दिवसांतच कोविड आला. दीडेक वर्ष लॉज बंद, साइटी बंद. आमच्यातले दोन वडीलधारे गेले. टायलर होते ते त्यातले एक.

नंतर पदं मिळत गेली. इनर गार्ड, मग डीकन, मग ज्युनियर वॉर्डन. फाउंड्रीवाल्याची शेड मला मिळाली नाही, हेही सांगून टाकतो. त्यानं हुबळीच्या पार्टीला दिली, दर कमी होता म्हणून. आम्ही अजून शेजारी बसून जेवतो.

२०२४ मध्ये मी सीनियर वॉर्डन झालो, म्हणजे मास्तरांच्या खालोखाल. त्याची जागा पश्चिमेला. बैठक संपताना मास्तर त्याला विचारतात की तुझी जागा पश्चिमेला का. त्यानं उत्तर द्यायचं असतं, ते मराठीत साधारण असं : सूर्य पश्चिमेला मावळून दिवस संपवतो, तसं मास्तरांच्या आज्ञेनं लॉज बंद करायला मी इथं आहे; पण प्रत्येक बंधूला त्याचं देणं मिळालं की नाही, हे पाहिल्यानंतरच. जुन्या काळी मुकादम संध्याकाळी सगळ्यांचा बटवडा, म्हणजे मजुरीचं वाटप, करून मगच काम बंद करायचा, त्याची ही आठवण.

सहा वर्षं दर महिन्याला मी हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. एका कानानं ऐकायचं, दुसऱ्या कानात जेवणाच्या हॉलमधल्या ताटांचा आवाज. तालमीला मला ते स्वतः म्हणायचं होतं. वहीत देवनागरीत लिहिलेलं, पाठ, दहा वेळा आरशासमोर म्हटलेलं. 'सूर्य मावळतो' इथपर्यंत आलो आणि पुढचे शब्द बाहेर येईनात. बैलहोंगलच्या इंजिनियरनं हळूच पुढचा शब्द पुरवला. मी तो म्हटला. पुन्हा अडलो. मास्तर म्हणाले, "होतं असं पहिल्यांदा." पहिल्यांदाच होत होतं हे खरं. पाठांतराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी येऊन २०१६ ची साइट डायरी शोधली. मला सापडली नाही, बायकोला सापडली. ती बचत गटाचे हिशेब ठेवते, जुनं कागदपत्र टाकू देत नाही. पान उघडून तिनं माझ्यासमोर ठेवलं. मेस्त्री, प्लास्टर, शेवटचं बिल, बाकी १८,४००. खाली माझ्या अक्षरात 'पुढच्या आठवड्यात'.

"आठ वर्षं झाली की," ती म्हणाली. एवढंच.

रविवारी पाकिटात पंचवीस हजार घातले, व्याज धरून, आणि खानापूर सोडून नंदगडच्या रस्त्याला लागलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो. मेस्त्रींचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात ते चिऱ्यांचा एक गोठा बांधत होते, एकटेच. केस सगळे पिकलेले. मला बघून थापी खाली ठेवली आणि हात लुंगीला पुसले.

"या मालक. फोन करून यायचं की."

मी जुळवलेलं काहीच म्हटलं नाही. पाकीट पुढं केलं आणि म्हणालो, "मेस्त्री, नोटाबंदीच्या वेळचे तुमचे राहिलेत. उशीर झाला."

त्यांनी पाकीट लगेच घेतलं नाही. आत गेले आणि एक लांबट वही घेऊन आले. पिवळी पडलेली, दोऱ्यानं शिवलेली. पान काढलं, चष्मा नाकावर आणला आणि बोटानं ओळ दाखवली. दिवाळीला उचल, ४,०००.

"तुमच्या डायरीत हे न्हाई बहुतेक. चौदा हजार चारशे होतात."

त्यांनी पाकिटातल्या नोटा दोनदा मोजल्या. चौदा हजार पाचशे काढून घेतले, आतून शंभरची नोट आणून माझ्या हातावर ठेवली आणि उरलेलं पाकीट परत दिलं. मी व्याजाचं काहीतरी बोललो. ते म्हणाले, "व्याज सोसायटीत असतंय मालक. आपल्यात कशाला?"

चहा आला. बाजूला उभा असलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा त्यांचा नातू निघाला. आयटीआय केलेला, गोव्याला जाऊन आलेला, तिथं जमलं नाही. मेस्त्रींनी कप खाली ठेवला.

"ह्याला घ्या की तुमच्या साइटवर. हात चांगला हाय, ओळंब्याला घाई करत न्हाई."

मी म्हणालो, "सोमवारपासून पाठवा."

"पाठवतो," मेस्त्री म्हणाले. मग नातवाकडं बघत, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात : "पण बटवडा शनिवारच्या शनिवारी."